दुपारी दोननंतर बंद पडणारा एसी : नागपूर, उन्हाळा २०२५

यंत्र : दीड टनाचा साधा स्प्लिट एसी, इन्व्हर्टर नाही, २०१६ साली घेतलेला. आऊटडोअरच्या पाटीवर गॅस आर-२२, वजन १.०५ किलो, करंट ७.६ अँपिअर.
जागा : नागपूर, पहिला मजला, वर उघडी गच्ची. खोली आईची. तिचं वय ७४, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या मे महिन्यात उष्णतेने तिला चक्कर येऊन ती पडली होती, म्हणून या वर्षी हा एसी नीट झालाच पाहिजे असं ठरवलं. ज्यांच्याकडे असाच एसी असाच त्रास देतो आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतो आहे.

६ एप्रिल, रविवार

आज रामनवमी, मी घरी होतो, म्हणून दुखणं नीट पाहता आलं. सकाळी खोली छान गार होते. दुपारी दोन-अडीचला इनडोअरमधून हवा येत राहते, पण गारवा जातो. मागच्या बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आऊटडोअरचा पंखा फिरत होता, कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गप्प. थोड्या वेळाने पाच-सहा सेकंद जड गुरगुर झाली, मग ‘टक्’ असा आवाज आणि पुन्हा शांत. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. कधी कंप्रेसर लागतो, कधी नाही.

गेल्या वर्षीही हेच झालं होतं. तेव्हा मेकॅनिक आला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "गॅस कमी आहे भाऊ, बाकी काही नाही." गॅस भरला, २,५०० रुपये घेतले. आठ-दहा दिवस बरं चाललं, मग पाऊस आला आणि प्रश्न मागे पडला. आज फोन केला तर लक्षणं पूर्ण ऐकायच्या आतच उत्तर आलं, "गॅस गेला असेल, भरून देतो."

या वेळी भरायचा नाही. आधी मोजायचं, मग पैसे द्यायचे.

८ एप्रिल

खरेदी : क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा, १,९५० रुपये (कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला जोर देणारा वीज साठवणारा डबा, मोजणारा मुद्दाम पाहून घेतला, सगळ्यांत ती सोय नसते). वायरला सेन्सर असलेले दोन छोटे थर्मामीटर, ३६० रुपये.

एक थर्मामीटर इनडोअरच्या वर, जिथून खोलीची हवा आत जाते तिथे, आणि दुसरा खाली, जिथून गार हवा येते तिथे चिकटवला. सकाळी सात वाजता वर २९, खाली १९. दहा अंशांचा फरक. दुपारी तीनला वर ३२, खाली ३१.

एवढ्यावरच बरंच कळलं. कंप्रेसर चालतो तेव्हा गारवा आहे, चालत नाही तेव्हा नाही. गॅस खरंच कमी असता तर सकाळीही फरक दहापर्यंत गेला नसता, आणि आऊटडोअरजवळच्या बारीक नळीच्या नटावर बर्फ धरला असता. तिथे बर्फाचा कणही नाही. म्हणजे प्रश्न गारव्याचा नाही, कंप्रेसर दुपारी का थांबतो याचा आहे.

१२ आणि १३ एप्रिल, शनिवार-रविवार

शनिवार इनडोअर धुण्यात गेला. फिल्टर काढून धुतले, कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्या-पट्ट्यांवर) झाडांना पाणी मारायच्या हातपंपाने फवारा मारला, जुन्या टूथब्रशने वरून खाली घासलं. साडेतीन तास लागले. फरक दहाचा अकरा झाला. चांगलंच आहे, पण दुपारचा ‘टक्’ तसाच.

त्यात एक चूक झाली. कॉइलवरचा मळ खालच्या ट्रेमध्ये उतरला आणि तिथून निचऱ्याच्या नळीत जाऊन बसला. रात्री दीड वाजता आईने हाक मारली. इनडोअरच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी थेट तिच्या उशीवर ठिबकत होतं. एसी बंद केला, तिला हॉलमध्ये कूलरसमोर झोपवलं. रविवारी सकाळी नळी बाहेरच्या टोकाकडून पाहिली. भिंतीबाहेर ती एका जागी लोंबून तिचा झोळ झाला होता, आणि त्या झोळात काळपट, जेलीसारखा गोळा. बोटाने दाबला तर हलतो, पण सुटत नाही. शेवटी तेवढा तुकडा कापून नवी नळी जोडली (६० रुपये) आणि खाली उतार राहील अशी दोन क्लिप मारून बसवली. धुण्याआधी ट्रेखाली प्लॅस्टिकची पिशवी बांधून मळ त्यात घ्यायला हवा होता.

दुपारी मुख्य काम. आऊटडोअरच्या बाजूचं झाकण उघडलं (आधी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडून, टेस्टरने खात्री करून), क्लॅम्प लावला, एमसीबी उचलला. मीटरवर शून्य. दहा मिनिटं मीटरच खराब समजत बसलो. क्लॅम्प मी सगळ्या केबलभोवती लावला होता. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, म्हणून क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्यावी लागते. पुन्हा एमसीबी पाडला, एकट्या फेजच्या वायरभोवती लावला.

मग मुलीला वही देऊन बसवलं. तिने दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले. बाल्कनीतल्या सावलीत ४१ अंश असताना :

चालू कंप्रेसर : ९.४, ९.६, ९.८ अँपिअर.
दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी : ‘टक्’, करंट ०.५. (तो फक्त पंख्याचा.)
पुन्हा लागताना : ३८ अँपिअर, सहा सेकंद, ‘टक्’.
सतरा मिनिटांनी : पुन्हा ३८, पुन्हा ‘टक्’.

तो ‘टक्’ म्हणजे कंप्रेसरच्या डोक्यावर बसलेला ओव्हरलोड. फार तापलं किंवा फार करंट गेला की तो वीज तोडतो आणि गार झाला की जोडतो. तो आपलं काम नीट करतो आहे. त्यालाच बदलणारे किंवा थेट जोडून टाकणारे मेकॅनिक असतात. तसं कुणालाही करू देऊ नका, कंप्रेसर जळेल.

आता प्रश्न दोन झाले. पाटीवर ७.६ असताना चालू करंट ९.८ का? आणि एकदा थांबल्यावर कंप्रेसर पुन्हा का लागत नाही?

१५ एप्रिल

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली. लागताना अडकतो, गुरगुरतो, म्हणजे पहिला संशय कपॅसिटरवर.

इथे सावध राहा. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये ती साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. मी एमसीबी पाडला, दहा मिनिटं थांबलो, मग होल्डरमध्ये बसवलेल्या जुन्या ६० वॅटच्या बल्बच्या दोन वायरी कपॅसिटरच्या टोकांना लावल्या. पक्कडीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगी उडते आणि टोकं जळतात.

आमचा कपॅसिटर दुहेरी : ५० मायक्रोफॅरड कंप्रेसरसाठी, ४ पंख्यासाठी, एकाच डब्यात. वायरी काढण्याआधी फोटो काढला. डबा हातात घेतला तेव्हाच दिसलं, वरचं झाकण सपाट राहिलेलं नव्हतं, पुरीसारखं फुगलं होतं. मोजल्यावर पंख्याची बाजू ३.९, म्हणजे ठीक. कंप्रेसरची बाजू ५० च्या जागी ३३.

यात पाच टक्क्यांची चूक चालते, म्हणजे साडेसत्तेचाळीसपर्यंत. इथे तिसरा हिस्सा संपलेला.

१६ एप्रिल

ऑफिस सुटल्यावर सीताबर्डीच्या बाजारात. पहिल्या दुकानात ५०+४ नव्हता. दुकानदार म्हणाला, "साठचा घेऊन जा ना, अजून दमदार चालते." घेतला नाही. जास्तीचा कपॅसिटर म्हणजे जास्तीचा जोर नव्हे. कंप्रेसरची गुंडाळी त्याने जास्त तापते. दुसऱ्या दुकानात मिळाला, पण डब्यावर कुठलंच नाव नव्हतं. मीटर खिशात होताच, काउंटरवरच लावला : ४४. नवा कोरा, आणि ४४! परत दिला. तिसऱ्या दुकानातला ५०.६ निघाला, ३४० रुपये. नवा आहे म्हणून बरोबर आहे असं धरू नका, दुकानातच मोजून घ्या.

घरी येऊन बसवला. फोटो असूनही चूक झाली. नव्या डब्यावर तीन टोकांचा क्रम वेगळा होता आणि मी फोटोतल्या जागा पाहून वायरी लावल्या, टोकांवरची अक्षरं पाहिली नाहीत. पंख्याची वायर कंप्रेसरच्या टोकाला गेली. सुरू केल्याबरोबर दोघंही नुसते गुणगुणायला लागले. तीन सेकंदांत एमसीबी पाडला म्हणून निभावलं. जागा पाहू नका, टोकाजवळ कोरलेलं अक्षर वाचून वायर लावा.

बरोबर लावल्यावर कंप्रेसर पहिल्या झटक्यात लागला. रात्री आईची खोली २४ अंशांवर आली. मला वाटलं, झालं काम.

१९ एप्रिल, शनिवार

झालं नव्हतं. दुपारी एक वाजता सुरू केला, एक वाजून पन्नास मिनिटांनी ‘टक्’. करंट ९.२. फरक एवढाच की आता ओव्हरलोड गार झाला की कंप्रेसर पहिल्याच प्रयत्नात पुन्हा लागतो. म्हणजे दुसरा प्रश्न सुटला, पहिला तसाच आहे.

संध्याकाळी आऊटडोअर समोरून पाहिलं. जाळी स्वच्छ. म्हणून आजवर कधी लक्ष गेलं नव्हतं. पण आऊटडोअर हवा मागून आणि बाजूने ओढतं आणि समोरून फेकतं. घाण मागे बसते, आणि मागे भिंत आहे. मोबाइल त्या फटीत घालून फोटो काढला आणि फोटो पाहून मी खालीच बसलो. मागची सगळी बाजू राखाडी गोधडीने झाकावी तशी झाकलेली होती.

आमच्या अंगणापलीकडे काटेसावर आहे. एप्रिलमध्ये तिची बोंडं फुटतात आणि कापूस उडत सुटतो. मुलं त्यातल्या एकेका झुबक्यामागे ‘म्हातारी, म्हातारी’ करत धावतात. तो सगळा कापूस हे यंत्र दिवसभर ओढत होतं, वरून धूळ बसत होती. एका कोपऱ्यातून चिमटीत धरून ओढला तर हातभर लांब पट्टा सलग सुटून आला, लोकरीच्या पट्ट्यासारखा. त्याच्यामागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या नव्यासारख्या चमकत होत्या.

२० एप्रिल, रविवार

कंडेन्सर, म्हणजे आऊटडोअरमधली तीच पट्ट्यांची कॉइल, धुतला. आधी चुकीच्या पद्धतीने : बाहेरून आत जोरात पाइप मारला. वरचा कापूस पाण्याबरोबर पट्ट्यांच्या आत जाऊन चिकटला आणि खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेतल्या पट्ट्या आडव्या झाल्या. मग थांबलो. वरचं आणि पुढचं झाकण काढलं, वायरींच्या डब्यावर प्लॅस्टिक बांधलं आणि आतून बाहेर, हलक्या धारेने धुतलं. घाण जिथून आली तिथूनच ती निघते. आडव्या झालेल्या पट्ट्या सरळ करायला कंगवा मिळतो, २५० रुपये. दीड तास बसून सरळ केल्या. एकूण पाच तास, त्यातले दोन माझ्या चुकीचे.

दुपारी ४२ अंश असताना ८.६ अँपिअर. तीन तासांत एकदाच ‘टक्’.

हे करताना एक गोष्ट दिसली होती आणि मी ती नुसती लिहून ठेवली : झाकण उघडं असताना कंप्रेसर चालवला, तर त्याच्या काळ्या पोटावर बाहेरून घामासारखे पाण्याचे थेंब धरले होते, खालपर्यंत. आऊटडोअरच्या आत एवढी उष्णता, आणि कंप्रेसरला घाम. अर्थ तेव्हा कळला नाही.

आणि गेल्या वर्षीचं आठवलं. गॅस भरण्याआधी त्या मेकॅनिकने पाइप मागून घेऊन गच्चीवरून आऊटडोअरवर पाणी मारलं होतं. त्या आठ-दहा दिवसांचा फरक बहुधा त्या पाण्याचा होता. पैसे मी गॅसचे दिले.

२३ एप्रिल

शेजारच्या काकांनी स्टॅबिलायझर घ्यायला सांगितलं, दुपारी व्होल्टेज पडतं म्हणाले. चार हजारांचा खर्च, म्हणून आधी मोजलं. एसी चालू असताना घराच्या मुख्य बोर्डावर २२१ व्होल्ट. आऊटडोअरच्या टोकांवर २०५.

सोळा व्होल्ट मध्येच कुठेतरी जातात. आमची तार अडीच चौरस मिलिमीटरची, अंतर वीस मीटर. एवढ्यात दोन-तीन व्होल्ट जावेत, सोळा नव्हे. हात लावत लावत गेलो. एसीच्या प्लगला हात लावला आणि झटकन काढला. चहाच्या कपाएवढा गरम.

तारेचे तीन सोडले तरी तेरा व्होल्ट गुणिले साडेआठ अँपिअर, म्हणजे जवळपास ११० वॅट उष्णता त्या एका सॉकेटमध्ये, पडद्याच्या मागे, आईच्या पलंगापासून चार फुटांवर. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

२४ एप्रिल

हे काम स्वतः केलं नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडून दाखवलं : फेजचा स्क्रू बोटाने फिरत होता, तारेचं टोक काळं आणि ठिसूळ, मागचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वाकलेलं. जळकी तार दोन इंच कापली, पत्र्याचा एसी-बॉक्स नव्या एमसीबीसह बसवला. सामान ६५०, मजुरी ३००.

आता तोटा तीन व्होल्ट. करंट ८.३. स्टॅबिलायझर घ्यायची गरज उरली नाही.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी ४३ झालं आणि पुन्हा एकदा ‘टक्’. दिवसातून एकदाच, पण आहे.

आता शंका गॅसवर आली, म्हणून दुसरा मेकॅनिक बोलावला. त्याने एसी बंद असताना गॅसचं प्रेशर मोजणारा गेज लावला, २१० पीएसआय (प्रेशरचं माप) दिसलं. "प्रेशर एकदम बरोबर आहे भाऊ," म्हणाला आणि ४०० रुपये घेऊन गेला. मी ते खरं मानलं आणि काही दिवस घालवले.

नंतर कळलं. बंद यंत्रातलं प्रेशर गॅस किती आहे ते सांगतच नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखंच आहे ते. अर्धा सिलिंडर आणि भरलेला सिलिंडर, आतलं प्रेशर सारखंच, कारण आत द्रव असेतोवर प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. आर-२२ चं ४० अंशांना साधारण २०८ येतं. तो गेज लावत होता तेव्हा बाल्कनीत चाळीसच अंश होते. म्हणजे गेजने आम्हाला हवामान सांगितलं होतं. गेज लावायचा तर कंप्रेसर चालू असताना, किमान पंधरा मिनिटं चालल्यानंतर.

१ मे, गुरुवार

सुटी, म्हणून पहाटे उठून मोजलं. मला एक खटकत होतं. पाटीवरचा ७.६ हा आकडा बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. म्हणजे ४३ ला करंट जास्त येणारच, त्यावरून दोष काढता येत नाही. पण ३५ पेक्षा कमी तापमानात तो ७.६ च्या खालीच हवा.

सकाळी सहा वाजता, बाहेर २९ : ७.९ अँपिअर.

इथे गोष्ट स्पष्ट झाली. कपॅसिटर नवा, कंडेन्सर स्वच्छ, व्होल्टेज ठीक, हवा थंड, आणि तरीही कंप्रेसर पाटीपेक्षा जास्त ओढतो आहे. कुणीतरी त्याच्यावर जास्तीचं ओझं टाकलेलं आहे. गॅस कमी असता तर करंट उलट कमी झाला असता. म्हणजे गॅस जास्त आहे. आणि कंप्रेसरच्या पोटावरचा घाम त्याचाच : कॉइलमध्ये पूर्ण वाफ न झालेला गार गॅस परत कंप्रेसरपर्यंत येतो आहे.

पाच जणांना फोन केले. एकच प्रश्न विचारला, "गॅस वजनकाट्यावर मोजून भरता का?" तिघं म्हणाले गेज पाहून भरतो. एक म्हणाला अंदाजाने बरोबर जातो, वीस वर्षं करून राहिलो. पाचवा म्हणाला, "काटा आहे, व्हॅक्यूम पंप आहे, गॅस काढायचं मशीनही आहे, पण वेळ लागेल आणि पैसे जास्त लागतील." त्यालाच बोलावलं.

३ मे, शनिवार

तो सकाळी साडेसातला आला, ऊन चढायच्या आत. पंचविशीतला मुलगा, काम शांत. आधी त्याने माझी वही मागून घेतली आणि सगळे आकडे वाचले. मग कंप्रेसर चालू असताना गेज लावला : सक्शनला, म्हणजे कंप्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसच्या नळीत, ८८ पीएसआय. आर-२२ ला हे साठ ते सत्तरच्या आसपास हवं. "जास्त आहे काका," म्हणाला, "पण किती जास्त ते काढूनच कळंल."

मशीन लावून सगळा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढला. सिलिंडर काट्यावर. आकडा हळूहळू चढत होता आणि आम्ही तिघं, तो, मी आणि मुलगी, त्या लाल आकड्यांकडे बघत उकिडवे बसलो होतो. एक किलो झाला. १.०५ झाला, थांबला नाही. १.२० झाला. शेवटी १.३३ वर स्थिरावला.

२८० ग्रॅम जास्त. पाटीवरच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहूनही जास्त.

म्हणजे गेल्या वर्षी गॅस गेलाच नव्हता. गळतीच नव्हती, असती तर वर्षभरात हा आकडा खाली आला असता. कपॅसिटर म्हातारा झाला होता, मागे कापूस साचला होता आणि त्या दुखण्यावर गॅस ओतला गेला. त्या २,५०० रुपयांनी माझ्या आईचा एसी जास्त आजारी केला. मला यात राग पैशाचा नाही, मोजण्याची साधने असून न मोजण्याचा आहे.

मग नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायला चाळीस मिनिटं व्हॅक्यूम पंप. पंप बंद करून पंधरा मिनिटं गेजचा काटा हलतो का पाहिलं, हलला नाही, म्हणजे गळती नाही. मग वजन करून १.०५ किलो परत भरला. आमची नळी कंपनीने दिलेल्या लांबीचीच आहे, म्हणून वर काही घालायची गरज नव्हती. नळी वाढवलेली असेल तर थोडा जास्त लागतो. उरलेला गॅस त्याने सिलिंडरमध्येच ठेवला, हवेत सोडला नाही. हा गॅस ओझोनच्या थराला मारक आहे आणि मॉन्ट्रियल करारानुसार २०३० पर्यंत आपल्याकडे बंद व्हायचा आहे, हे त्यानेच मुलीला समजावून सांगितलं. ३,५०० रुपये घेतले. मी ते आनंदाने दिले.

लगेचचे आकडे, बाहेर ३१ : सक्शन ६८, करंट ७.१, वरच्या-खालच्या हवेतला फरक १३. कंप्रेसरच्या पोटावर थेंब नाहीत.

१० मे, शनिवार

खरी परीक्षा आज. बाल्कनीत ४३.५. दुपारी बारा ते पाच एसी चालू ठेवला. करंट ७.७ ते ७.८. एकदाही ‘टक्’ नाही. खोली २५ वर. आई दोन वाजता आत गेली आणि साडेचारला उठून म्हणाली, आज पांघरूण घ्यावं लागलं.

खर्च

मीटर १,९५०, थर्मामीटर ३६०, निचऱ्याची नळी ६०, कपॅसिटर ३४०, कंगवा २५०, सॉकेट व इलेक्ट्रिशियन ९५०, बंद यंत्राला गेज लावणारा मेकॅनिक ४००, वजन करून गॅस भरणारा ३,५००. एकूण ७,८१०. यातलं खऱ्या दुरुस्तीचं ४,७९०. कापूस काढण्याला कष्टाखेरीज काही लागलं नाही. वेळ : पाच आठवडे, त्यातले काही दिवस चुकीच्या वेळी लावलेल्या गेजमुळे गेले.

पुन्हा करायचं झालं तर क्रम बदलेन. पहिल्याच दिवशी प्लगला हात लावून पाहीन, त्याला दोन सेकंद लागतात आणि आग टळते. मग आऊटडोअरच्या मागचा फोटो. मग कपॅसिटर. मग पहाटेचा करंट. गॅस सगळ्यात शेवटी, आणि तोही काट्यावर.

२४ मे

आऊटडोअरच्या मागे मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चार इंच अंतर ठेवून लावला होता, कापूस अडवायला. चौदा दिवसांत तो जवळजवळ पूर्ण पांढरा झाला आणि करंट ०.२ ने चढला. जाळीने कापूस अडतो, पण हवाही अडते. दर रविवारी झटकणार असाल तरच लावा, नाहीतर लावू नका. मी सावरीचा हंगाम संपल्यावर काढून टाकणार आहे.

आऊटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जाड मार्करने लिहून ठेवलं : ‘३ मे २०२५. गॅस १.०५ किलो, वजन करून. बाहेर ३१ अंश : सक्शन ६८, करंट ७.१. कपॅसिटर ५०+४, १६ एप्रिलला नवा. गळती नाही. गॅस भरण्याआधी हे मोजा.’